पांघरुणाचे चौकोन

चिखलीकडील एका वाचकभगिनीचें पत्र मध्यंतरीं हातीं आलें. त्यांच्या घरीं लहानमोठ्या मिळून सात स्त्रिया. शेजारच्या दोन घरांतील आणखी पांच. १ डिसेंबर हा जागतिक एड्स दिन १९८८ पासून पाळला जातो. त्या दिवसाचें निमित्त करून ह्या बारा जणींनीं ठरविलें, कीं प्रत्येकीनें लोकरीचे आठ इंची चौकोन विणावे, ते जोडून पांघरुणें करावीं, आणि एचआयव्हीसह जगणाऱ्या निराधार मुलांच्या एखाद्या संस्थेकडे तीं पोंचवावीं. पत्र लिहीपर्यंत एकशेंदहा चौकोन झाले होते. प्रश्न असा, कीं प्रत्येक पांघरुणाच्या मधल्या चौकोनावर लाल फितीची खूण विणावी कीं नाहीं? घरांतील तरुण मंडळी म्हणतात, विणावी. नाहींतर जागृति कशी होणार?

पत्राच्या शेवटीं, जातां जातां लिहिल्यासारख्या, दोन ओळी अधिक आहेत. त्यांकडे मी मागाहून येतों. हें सारें त्या भगिनीच्या संमतीनें लिहीत आहें, आणि घर ओळखूं येईल अशा खुणा बदलल्या आहेत. ह्या विषयांत ती काळजी केवळ शिष्टाचाराची नव्हे, हें पुढें दिसेल.

तुकड्यास तुकडा जोडून पांघरूण करणें आपणांस नवें नाहीं. संस्कृतांतील कन्था ती हीच; घरोघरच्या गोधड्या आणि वाकळी त्याच कुळांतल्या. ह्या रोगाशीं मात्र तिचें नातें जुळलें तें अमेरिकेंत. १९८५ सालीं सॅन फ्रान्सिस्को शहरांतील एका मिरवणुकींत क्लीव्ह जोन्स ह्या गृहस्थांनीं लोकांस सांगितलें, कीं एड्सनें गेलेल्या आपल्या माणसाचें नांव पुठ्ठ्यावर लिहून आणा. ते पुठ्ठे एका सरकारी इमारतीच्या भिंतीवर चिकटविले, तेव्हां ती भिंत दुरून ठिगळांच्या गोधडीसारखी दिसूं लागली. त्यांतून पुढें कापडाची खरोखरीची गोधडी निघाली. प्रत्येक मृतासाठीं तीन फूट रुंद व सहा फूट लांब असा एक तुकडा. माप धरलें तें थडग्याचें. ११ ऑक्टोबर १९८७ रोजीं वॉशिंग्टनच्या विस्तीर्ण मैदानावर ती प्रथम अंथरली, त्या दिवशीं तुकडे १,९२० होते. आज ते ५०,००० च्या आसपास असून सगळ्यांचें वजन सुमारें ५४ टन भरतें. शिवणकामाचा नमुना म्हणून तिची तारीफ करण्याचें कारण नाहीं. कित्येक तुकडे ज्यांनीं पूर्वीं कधीं सुई धरिली नव्हती अशांच्या हातचे आहेत. महत्त्व आहे तें नांवाला. त्या काळीं अशा मृताचें प्रेत ताब्यांत घेण्यास कित्येक नातलग कचरत, अंत्यविधि करणारे नकार देत, आणि मृत्यूचें कारण म्हणून भलताच रोग सांगितला जाई. जें नांव घरच्यांनीं गिळलें, तें मित्रांनीं कापडावर शिवून उन्हांत अंथरलें.

लोकरीचे चौकोन ह्या कामीं आले ते पुष्कळ पुढें, आणि मृतांसाठीं नव्हे, मागें राहिलेल्यांसाठीं. दक्षिण आफ्रिकेंत ह्या रोगानें पोरकीं झालेलीं मुलें लाखांनीं मोजावीं लागत. २००८ सालीं ऑस्ट्रेलियांतून सुरूं झालेल्या 'निट-ए-स्क्वेअर' ह्या उपक्रमानें देशोदेशींच्या विणणाऱ्यांस विनंती केली, कीं आठ इंचांचा एक चौकोन विणून जोहान्सबर्गास पाठवा. तेथील स्त्रिया ते जोडतील. पांच चौकोन रुंद आणि सात लांब, असे पस्तीस जोडले कीं एका लहान मुलाचें पांघरूण होतें. युक्ति साधी, पण मोठी विचारपूर्वक काढलेली आहे. अखंड पांघरूण विणावयाचें म्हटलें तर दहांतल्या नऊ जणी अर्ध्यावर सोडतात. एक चौकोन मात्र दुपारच्या दोन फावल्या वेळांत हातावेगळा होतो, आणि टपालाच्या पाकिटांत मावतो.

आपल्या देशांतही अशा सामुदायिक विणकामाचें एक ठळक उदाहरण आहे, जरी त्याचा एड्सशीं संबंध नव्हता. चेन्नई येथें ३१ जानेवारी २०१६ रोजीं 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स' ह्या मंडळाच्या स्त्रियांनीं ११,१४८.५ चौरस मीटरचें क्रोशाचें पांघरूण मांडून जागतिक विक्रम केला, आणि मागाहून तीं पांघरुणें गरजूंस वांटलीं. तेंही प्रत्येकीनें आपापल्या घरीं बसून केलेल्या चौकोनांचेंच होतें. (आपल्या देशांत हा विषाणु प्रथम आढळला तोही चेन्नईसच, १९८६ सालीं, डॉ. सुनीति सॉलोमन व त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. निर्मला ह्यांनीं केलेल्या तपासणींत. योगायोगापलीकडे ह्यांत अर्थ नाहीं, तरी नोंद करून ठेवतों.)

आतां चिखलीचा चौकोन जोहान्सबर्गास धाडावयाचा, तर टपालखर्च लोकरीच्या वर जाईल. त्याचें कारणही नाहीं. पुण्याजवळची, विजयाताई लवाटे ह्यांनीं काढलेली 'मानव्य', पंढरपुरांतील मंगलताई शहा ह्यांची 'पालवी', लातूर जिल्ह्यांत हासेगांव येथील रवि बापटले ह्यांचें 'सेवालय', ह्या सगळ्या अशाच मुलांच्या संस्था आणि सगळ्या मराठी मुलखांत. परंतु पाठविण्यापूर्वीं विचारावें. थंडीच्या तोंडाशीं दानशूरांस पांघरुणांचीच आठवण होते, आणि ज्येष्ठांत शाळेच्या वह्या कोणास आठवत नाहींत. ज्यांना पांघरुणें नको असतील ते तसें स्पष्ट सांगतील, आणि काय हवें तेंही सांगतील. तेव्हां रुसूं नये.

कामाविषयीं दोन शब्द. माझ्या हातून सुई धरवत नाहीं, परंतु घरांतल्या स्त्रियांस विचारून लिहितों. अशा सामायिक कामांत खरी अडचण लोकरीची नसून हातांची असते. एकीच्या सुईवर चाळीस टांक्यांत आठ इंच भरतात. दुसरीचा हात घट्ट म्हणून तिला पंचेचाळीस लागतात. तिसरीच्या सैल हातीं पस्तिसांतच नऊ इंच होतात. मग जोडतांना कांठ जुळत नाहींत आणि एकमेकींच्या विणीवरून टोमणे सुरूं होतात. म्हणून टांके ठरवून देऊं नयेत. आठ इंचांचा पुठ्ठा कापून प्रत्येकीच्या पिशवींत ठेवावा. एका टांक्यापासून आरंभ करून दर ओळीस एक टांका वाढवीत जावें; बाजू पुठ्ठ्याएवढी झाली कीं दर ओळीस एक एक टांका कमी करीत पुन्हां एकावर यावें. असा कोपऱ्यापासून विणलेला चौकोन कोणाच्याही हातीं मापांत बसतो. सगळ्या ओळी सुलटच विणाव्या. एक सुलट, एक उलट अशी गुळगुळीत वीण दिसावयास सुबक, पण तिचे कांठ गुंडाळतात. क्रोशानें करणाऱ्यांनीं मध्यापासून फेरे घालावे आणि पुठ्ठा भरला कीं थांबावें. मात्र खांबांच्या झुपक्यांची मोठी जाळी नको. तींतून वारा शिरतो आणि लहानांचीं बोटें अडकतात. मुका खांब बरा. लोकर कांहीं अधिक लागेल, तेवढी लागूं द्यावी. शेवटीं हातभर दोरा सोडून ठेवावा. तोच जोडण्यास उपयोगी पडतो.

बाजारांत 'लोकर' म्हणून मिळते ती बहुधा ॲक्रिलिकची. मेंढीशीं तिचा कांहीं संबंध नाहीं. ती खनिज तेलापासून होते. ती आटत नाहीं आणि वारंवार धुतां येते, म्हणून संस्थेंतील मुलांसाठीं सोयीची. परंतु विस्तवाजवळ ती वितळते आणि अंगास चिकटते. शेकोटीपासून दूर ठेवावयास बरोबरच्या चिठ्ठींत अवश्य लिहावें. गडद लाल किंवा निळा रंग सुटणारा असेल तर चौकोन जोडण्यापूर्वींच कळावें म्हणून ते एकदां धुवून घ्यावे. पस्तीस चौकोनांचें पांघरूण तीन-चार वर्षांच्या मुलास पुरतें. शाळेंत जाणाऱ्या मुलासाठीं सहा रुंद व नऊ लांब, म्हणजे चौपन्न हवेत. तें चार फूट बाय सहा फूट होतें. बारा जणींच्या वांट्यास साडेचार साडेचार आले. झालेल्या एकशेंदहांत अशीं दोन पांघरुणें होऊन दोन चौकोन उरतात.

ज्यांना वीण येत नाहीं त्यांनीं गोधडीचे चौकोन शिवावे. आपला जिल्हा कापसाचा; खामगांवच्या कापसाच्या बाजारासाठीं १८७० सालीं खास आगगाडीचा फांटा काढावा लागला होता. आणि घाटाखालीं मलकापूर, शेगांव, नांदुऱ्याकडे लोकर सोसण्याजोगी थंडी वर्षांत किती दिवस पडते? बुलढाणा, चिखली, मेहकर ह्या घाटावरच्या गांवांस पौषांत लोकर हवी खरी. पंढरपूर-लातुराकडे जुन्या लुगड्याची मऊ गोधडीच वर्षाचे अधिक दिवस उपयोगीं पडेल.

आतां लाल फीत. ती निघाली १९९१ सालीं न्यूयॉर्कमधील कलावंतांच्या एका मंडळींतून. कोणासही सहज करतां यावी, कोणाचा तिच्यावर मालकी हक्क नसावा, अशी ती मुद्दाम साधी ठेविली. ती लावावयाची छातीवर, आणि लावणारा असतो तो स्वतः होऊन लावणारा. ती लावण्याचा अर्थ एवढाच, कीं ह्या रोगाविषयीं माझ्याशीं बोलण्यास हरकत नाहीं. तीच खूण मुलाच्या पांघरुणावर विणली तर तिचा अर्थ अगदीं उलटा होतो. मग ती मुलाविषयीं बोलूं लागते, आणि मुलानें तिला बोलण्यास सांगितलेलें नसतें. हें मूल उद्यां वसतिगृहांत जाईल, प्रवासांत पांघरूण बरोबर नेईल, आजोळीं चार दिवस राहील. तेथें तें पांघरूण दोरीवर वाळत पडलें, कीं सगळ्या आळीनें वाचावें असें पत्रकच झालें.

ही भीति कल्पनेंतील नव्हे. हासेगांवचेंच उदाहरण आहे. २००९ सालीं सेवालयांतील मुलें गांवच्या शाळेंत बसूं लागलीं, तेव्हां इतर पालकांनीं आपलीं मुलें शाळेंत पाठविण्यास नकार दिला; सरकारी अधिकाऱ्यांस मध्यें पडावें लागलें. मी जन्मभर शाळेंत काढलीं. वर्गांतील मुलें एकमेकांच्या बसकरावर बसतात, एकाच्या डब्यांतून दुसरा खातो, पडला तर तिसरा उचलतो. त्यांना वेगळें बसण्यास कोणी तरी मोठें माणूस शिकवितें, तेव्हां तीं शिकतात. आपण होऊन शिकलेलीं मीं पाहिलीं नाहींत.

कायद्याचेंही सांगून ठेवतों. एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम २०१७ सालीं झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून अमलांत आला. कोणाच्या अंगीं हा विषाणु आहे ही गोष्ट त्याच्या संमतीवांचून उघड करणें त्या कायद्यानें मना आहे. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढें लोकरीचा चौकोन नसेल, परंतु त्यामागचें धोरण आपणांस लागू पडतें. तेव्हां तरुण मंडळींस माझें सांगणें असें, कीं फितीचा चौकोन अवश्य विणा. उरलेल्या दोहोंपैकीं एकावर तो काढतां येईल. तो आपल्याच ओसरीवर, दारांतून येणाऱ्यास दिसेल असा टांगा. हळदीकुंकवास आलेल्या बायका विचारतील, हें काय? त्यांस उत्तर द्यावें लागेल, आणि उत्तर देण्यासाठीं आधीं स्वतःस माहिती करून घ्यावी लागेल. जागृति म्हणतात ती तेथें होईल. पांघरूण मात्र कोऱ्या अंगानें जाऊं द्या. वर्तमानपत्रासाठीं पांघरुणासह मुलांचें छायाचित्र काढण्याचाही कोणाचा मानस असेल, तर तो सोडावा.

अमेरिकेंत नांव शिवलें आणि येथें खूणही नको, हा विरोध दिसतो खरा. परंतु तेथें नांव घातलें तें मृताच्या जिवलगांनीं, आणि ज्याचें नांव त्याची शाळा सुटण्याचें भय उरलें नव्हतें.

आतां त्या दोन ओळी. पत्रलेखिका लिहितात, कीं त्यांच्या आजेसासूबाई ऐंशीच्या घरांत असून बाराजणींत सर्वांत जलद हात त्यांचाच. एकशेंदहांतले एकोणीस चौकोन त्यांचे. पण पहिला चौकोन सुनेच्या हातीं देतांना त्यांनीं विचारलें, "हें पांघरूण परत तर येणार नाहीं ना घरांत?" आणि दुसरी ओळ अशी: "आमच्या धाकट्या जाऊबाई अकरा वर्षांपासून गोळ्या घेत आहेत. भाऊजी गेल्यापासून मागच्या खोलींत असतात. त्यांचें ताट, तांब्या आणि अंथरूण वेगळें आहे. त्याही पूर्वीं सुंदर विणीत असत."

एवढेंच. त्यावर प्रश्न नाहीं, तक्रार नाहीं.

आजीबाईंस निष्ठुर म्हणणें सोपें आहे. मी म्हणणार नाहीं. अनोळखी पोरांसाठीं एकोणीस चौकोन विणणारें मन निष्ठुर नसतें. त्यांच्या लहानपणीं पटकी आणि देवी ह्यांनीं घरेंच्या घरें ओस पडलेलीं लोकांच्या ताज्या आठवणींत होतीं, आणि रोग्याचें अंथरूण जाळणें हाच तेव्हांचा शहाणपणा होता. देवीचा विषाणु अंथरुणांतून खरोखरच पसरे. ह्या रोगाचा पसरत नाहीं. तो रक्तांतून जातो, शरीरसंबंधांतून जातो, आणि गर्भारपणीं, बाळंतपणांत किंवा दुधावाटे आईकडून मुलास जाऊं शकतो. ताटांतून, तांब्यांतून, पांघरुणांतून, डासांतून, घामांतून, डोळ्यांतील पाण्यांतून तो जात नाहीं. गेल्या चाळीस वर्षांत जगांतील हजारों घरांत आया, बहिणी आणि सुना अशा रोग्यांची अंथरुणें धुवीत आल्या आहेत. तसल्या स्पर्शानें रोग लागल्याचें आढळलेलें नाहीं. औषधांचेंही सांगावें. १ एप्रिल २००४ पासून तीं सरकारी रुग्णालयांत मोफत मिळूं लागलीं. बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयांतही मिळतात. नियमित गोळ्या घेऊन ज्याच्या रक्तांतील विषाणु तपासणींत सांपडेनासा झाला, त्याच्यापासून पतिपत्नीसंबंधांतूनही रोग जात नाहीं, इतकी आतां खात्री झाली आहे. औषधांवांचून शंभरांतल्या पंधरा ते पंचेचाळीस मुलांस आईकडून हा रोग लागे. वेळेवर औषध मिळाल्यास हें प्रमाण पांचांच्याही खालीं येतें. ज्यास कोणापाशीं बोलतां येत नाहीं त्यानें १०९७ ह्या क्रमांकावर दूरध्वनि करावा. पैसे पडत नाहींत.

आजीबाईंस पटेल असें एक प्रमाण त्यांच्याच पेटींत असेल. मुकटा नसला तर धाबळी नेसून सोंवळ्यांतला स्वयंपाक होत असे, कारण लोकरीस स्पर्शाचा विटाळ नाहीं, अशी आपल्या घरांतली जुनी समजूत. जी वस्तु आपण स्वतः होऊन विटाळापलीकडची ठरविली तीच त्या आज विणीत आहेत, आणि तिलाच परत घेण्यास भीत आहेत. (बाजारच्या ॲक्रिलिकला सोंवळ्याचा नियम लागू आहे कीं नाहीं, हें शास्त्र्यांनीं ठरवावें.) दुसरें असें, कीं आपल्या घरांत नवें मूल जन्मलें कीं त्यास पहिलें दुपटें नव्या कापडाचें घालीत नाहींत, आजीच्या नेसून मऊ झालेल्या लुगड्याचें घालतात. वापरलेल्या कापडांतून माणसाचें कांहीं तरी चांगलें जातें असा त्यामागचा भाव. तो भाव धाकट्या सुनेच्या लुगड्यापाशीं येऊन कां थांबावा, हें त्यांनाच विचारावें. रागानें नव्हे, दुपारीं विणतांना विचारावें.

वरच्याच कायद्यांत आणखी एक कलम एकत्र कुटुंबांनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. अशा व्यक्तीस सामायिक घरांत राहण्याचा, आणि त्या घराच्या सगळ्या सोयी भेदभावावांचून वापरण्याचा हक्क त्यानें दिलेला आहे. मागची खोली म्हणजे घर नव्हे, असाच त्याचा अर्थ मी करतों. पण जाऊबाई न्यायालयांत जाणार नाहींत हें मला ठाऊक आहे, आणि पत्रलेखिकेसही. म्हणून कायद्याच्या आधीं दुसरा एक मार्ग सुचवितों, आणि तो त्यांच्याच पत्रांत पडलेला आहे.

दुपारीं बारा जणी ओसरीवर बसतात, तेथें तेरावा पाट मांडावा. जाऊबाईंस पिशवी, पुठ्ठा आणि लोकरीचा गुंडा द्यावा. कोणत्या रंगाचा हें त्यांना निवडूं द्यावें. समारंभ करूं नये, भाषण तर मुळींच नको. त्यांचे चौकोन इतरांच्या ढिगांत पडतील, एकदम धुतले जातील, आणि जोडतांना आजीबाईंच्या चौकोनाशेजारीं त्यांचा चौकोन कधीं आला हें जोडणारीसही सांगतां येणार नाहीं. जोडण्यासाठीं करड्या रंगाचा दोरा घ्यावा. तो कोणत्याही रंगाच्या चौकोनाशीं जुळतो.

फितीचा चौकोन वगळला, कीं तिसऱ्या पांघरुणास अजून त्रेपन्न हवेत. जाऊबाईंकडून किती आले तें कळवावें.